जीवामृताच्या ड्रमला पीएलसी

घरी बिअर आंबवणारे परदेशातील हौशी लोक तापमान आणि वेळ सांभाळण्यासाठी लहान प्रोग्रॅमेबल कंट्रोलर, म्हणजे पीएलसी (दिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे यंत्रे चालू-बंद करणारा छोटा संगणक), वापरतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि मला त्या वाटेला जायचेही नाही. परंतु आंबवण्याचे शास्त्र ड्रम बदलला म्हणून बदलत नाही, आणि आमच्याकडे गोठ्यामागे जो ड्रम आंबत असतो तो जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवरूप खताचा, असतो. त्या ड्रमला पीएलसी जोडताना ज्या गोष्टींचा विचार करावा लागला, त्या येथे मांडत आहे.

अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे, नैसर्गिक शेतीचे प्रसारक सुभाष पाळेकर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवतात, ड्रम गोणपाटाने झाकून सावलीत ४८ तास ठेवतात आणि रोज दोन वेळा ढवळतात. ढवळणे टाळले की शेण तळाशी बसते, खाली प्राणवायू पोहोचत नाही आणि आंबण्याऐवजी कुजणे सुरू होते. कापसाची वेचणी किंवा पेरणी चालू असताना नेमके हेच काम राहून जाते. म्हणून यंत्राकडे सर्वप्रथम ढवळणे सोपवावे, असे माझे मत आहे.

शहरात बसून असा प्रोग्रॅम लिहिणारा सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशा वेळा टाकून मोकळा होईल. आमच्या शेतावर ते चालत नाही, कारण कृषी वाहिनीवर थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि त्या पाळीतही ती मध्येच जाते. त्यामुळे प्रोग्रॅमने ‘किती वाजले’ हे न विचारता ‘मागचे ढवळणे होऊन किती वेळ झाला’ हे विचारले पाहिजे. साधा टायमर वीज जाताच शून्यावर येतो, म्हणून शेवटच्या ढवळण्याची वेळ पीएलसीच्या वीज गेल्यावरही टिकणाऱ्या रजिस्टरमध्ये (स्मृतीच्या कप्प्यात) लिहावी लागते. वीज परत आली की पीएलसी आपल्या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळातून आताची वेळ घेतो, नोंदलेली वेळ वजा करतो आणि दहा तासांहून अधिक काळ लोटला असेल तर ढवळण्याची आज्ञा देतो. ही आज्ञाही लगेच द्यायची नसते. वीज येताच ऑटो स्विच लावलेले सगळे मोटरपंप एकदम सुरू होतात आणि त्या क्षणी डीपीवर, म्हणजे शिवारातील ट्रान्सफॉर्मरवर, मोठा ताण पडतो. आपण पाच मिनिटे थांबल्याने जीवामृताचे काहीही बिघडत नाही.

पीएलसीच्या लहान रिलेवरून (आतल्या छोट्या स्विचवरून) मोटर थेट चालवू नये. रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) ओढावा आणि कॉन्टॅक्टरने, जास्त भार आल्यास मोटर बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेमार्गे, अर्ध्या अश्वशक्तीची गिअर मोटर चालवावी, म्हणजे पाते सावकाश फिरते आणि द्रव उसळत नाही. जीवामृत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढवळावे, अशी शिकवण आहे. थ्री-फेज मोटरमध्ये डीपीवरील दुरुस्तीनंतर फेजचा क्रम बदलला तर मोटर उलटी फिरते. म्हणून फेजचा क्रम तपासणारा रिले जोडलेला असावा. जिवाणूंना दिशेने फरक पडत असेल असे मला वाटत नाही, पण पात्याला निश्चित पडतो, कारण तळाचा गाळ वर उचलण्यासाठी त्याला एकाच दिशेचा उतार दिलेला असतो. झाकण उघडताच मोटर बंद करणारा लिमिट स्विच मात्र प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नये; तो थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेत घालावा. शेतावर लहान मुले असतात.

गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांबे आणि पितळ खातो, टर्मिनल हिरवी पडतात. पॅनेलची पेटी ड्रमपासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि घट्ट रबरी गॅस्केटची हवी. दांडा, पाते आणि तापमान मोजणाऱ्या पीटी-१०० सेन्सरची नळी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी; येथे पैसे वाचवू नयेत.

तापमान हा या कामातील मला सर्वांत आवडलेला भाग आहे. ४८ तास ही मुदत सर्व ऋतूंत सारखी लागू पडत नाही; डिसेंबरच्या रात्री पारा दहा अंशांजवळ येतो तेव्हा आंबणे मंदावते. म्हणून माझा प्रोग्रॅम तासांऐवजी गुण मोजतो. ड्रम २५ अंशांच्या वर असेल तर प्रत्येक मिनिटाला एक गुण, २० ते २५ अंशांत पाऊण आणि त्याखाली अर्धा, असे २,८८० गुण भरले की हिरवा दिवा लागतो. वीज नसलेल्या काळासाठी जाण्यापूर्वीच्या आणि आल्यानंतरच्या तापमानाची सरासरी धरली जाते, कारण २०० लिटर पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. हे आकडे माझ्या शेतावरच्या अनुभवातून धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्याकडे पाहून ते बदलावेत. हिवाळ्यात हीटर लावण्याचा विचार मी हिशेब करून सोडला: एवढे पाणी दहा अंशांनी तापवायला सुमारे २.३ युनिट वीज लागते आणि उघड्या ड्रममधून ती ऊब रात्रीतून निघून जाते. त्यापेक्षा ड्रमभोवती कुटाराने भरलेली पोती रचणे स्वस्त पडते. मे महिन्यात उलट अडचण असते. तेव्हा ३८ अंश झाले की पीएलसी कूलरचा लहान पंप चालू करून ड्रमभोवतीच्या गोणपाटावर पाणी सोडतो, आणि विदर्भातील कोरड्या हवेत बाष्पीभवनाने ड्रम चांगला निवतो. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय उपयोगाचा नाही, पण तेव्हा त्याची गरजही पडत नाही.

हिरवा दिवा लागला म्हणजे जीवामृत तयार झाले, असे मी मानत नाही. दिवा एवढेच सांगतो की आता झाकण उघडून वास घ्या. आंबूस वास असेल तर ते शेताला द्यावे. सडका वास असेल तर कोणताही कंट्रोलर ते सुधारू शकत नाही.

ठिबकमधून देण्याचे काम मी अजून हातानेच करतो. दोनदा कापडाने गाळल्यावरही बारीक चोथा राहतो, तो विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या साध्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या पडद्याखाली अडकतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मोटरवर चालणारा बॉल व्हॉल्व्ह आणि त्यापुढे डिस्क फिल्टर बसवला, तर फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक पाहून तो धुण्याची सूचना पीएलसी देऊ शकेल. त्यासाठी पीएलसीची दोन इनपुट (सेन्सर जोडण्याच्या जागा) मी मोकळी ठेवली आहेत.