कानाची चक्कर, डोळ्यांत बघायची

कानाच्या तोलाच्या तपासण्या करणं हे माझं रोजचं काम. गॉगल चढवायला घेतला की पेशंट हमखास विचारतात, "मॅडम, दुखणं कानाचं ना? मग हे डोळ्यांना कशाला?" डोकं हललं की आतल्या कानाचा निरोप दहाएक मिलिसेकंदांत डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोचतो. तो कान मला दिसत नाही, डोळे दिसतात. गॉगलमध्ये अंधार ठेवतो तोही मुद्दाम. नजर कशावर तरी स्थिरावली की चक्कर येताना डोळ्यांना बसणारे झटके दबून जातात. आतला कॅमेरा अंधारातही ते टिपतो.

खरी धास्ती असते कॅलोरिक टेस्टची. डोकं 30 अंश उचलून झोपवायचं आणि कानात आधी 30, मग 44 अंशांचं पाणी सोडायचं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या 7 अंश खाली आणि वर. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळीतला द्रव त्याने सरकतो आणि गरगरायला लागतं. कान धुताना पाणी गार-गरम झालं की पेशंटना चक्कर येते, हे रॉबर्ट बारानी या कानाच्या डॉक्टरांनी हेरलं. 1914 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मी आधीच सांगून ठेवते, "काका, गरगरणार आहे. कान काम करतोय म्हणून गरगरतंय. दोनेक मिनिटांत ओसरेल." एवढं सांगितलं तरी घट्ट धरलेली पलंगाची कड सुटते. मग मी त्यांना 'क'वरून नावं सांगायला लावते. कमल, किशोर, केशव... मन जागं नसेल तर झटके मंदावतात आणि धडधाकट कानही रिपोर्टमध्ये कमजोर दिसतो.

कुशीवर वळताना चक्कर येत असेल तर मात्र पाण्याआधी डिक्स-हॉलपाइक ही चाचणी करावी, असा माझा आग्रह असतो. मान 45 अंश वळवून पटकन आडवं करायचं. दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग डोळे गोल फिरू लागतात आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबतात. कानातले कण जागा सोडून नळीत गेल्याची ही खूण. ते परत जागेवर आणण्याची कसरत त्याच पलंगावर करता येते.

आणि कृपा करून चक्करची गोळी घेऊन तपासणीला येऊ नका. कानाचं उत्तरच ती दाबते. साधारण 48 तास आधी बंद करावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र चालू ठेवायच्या.