वीस मायक्रॉन

आज बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मामेभावाच्या कारखान्यात गेलो. पत्रिका देऊन लगेच निघणार होतो, पण दुपारभर सीएनसी लेथपाशीच (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या कातयंत्रापाशी) रेंगाळलो.

व्हॉल्व्हचे स्पिंडल, म्हणजे दांडे, चालले होते. प्रोग्राममध्ये जी०० ही आज्ञा आली की टूल झपाट्याने जॉबपाशी (कापायच्या तुकड्यापाशी), जी०१ला ठरलेल्या गतीने सरळ कापत जाणार, एम३०ला प्रोग्राम संपला. हे सगळं बिनबोभाट. खरी मजा त्यानंतर! ऑपरेटर पोराने जॉब पुसून मायक्रोमीटर लावला, व्यास २० मायक्रॉन (०.०२० मिमी) जास्त. म्हणाला, "काका, इन्सर्ट, टूलचं कापणारं टोक, झिजलाय. पण मशीनला काय ठाऊक? ती आपली सांगितल्या जागीच जाते." एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) ऑफसेटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या आकड्यात, वजा ०.०२० घातलं, पुढचा जॉब मापात. प्रोग्रामला हातही लावला नाही.

१९५२मध्ये एमआयटीने असं आज्ञांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं तेव्हा आज्ञा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. पीएलसी (यंत्रं चालवणारा, प्रोग्राम बदलता येणारा नियंत्रक) आलं तेही कंटाळ्यातून: गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) तारा नव्याने जोडा, म्हणून जनरल मोटर्सने १९६८मध्ये पर्याय मागितला.

भावाच्या केबिनमधल्या स्क्रीनवर कुठली मशीन चालू, कुठली बंद ते दिसतं. का बंद, ते ऑपरेटरने कारण निवडलं तरच. आणि बहुतेकदा निवडलेलं असतं 'इतर'! (सरकारी फॉर्म आठवले.) माझं मत विचाराल तर दुसरा स्क्रीन लावण्याआधी त्या पोराला एक चांगला मायक्रोमीटर घेऊन द्यावा. भावाला तसं सांगितलंही.