कॉर्नवॉलची छोटी संग्रहालयं: पोर्थकर्नो, गीव्हर आणि आणखी दोन

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलला बहुतेक लोक समुद्रकिनाऱ्यांसाठी जातात. पण या परगण्यात स्थानिक विश्वस्त संस्थांनी आणि स्वयंसेवकांनी जपलेली छोटी संग्रहालयं आहेत आणि त्यांतल्या वस्तू जिथे वापरल्या गेल्या तिथेच उभ्या आहेत. म्हणून आधी प्रात्यक्षिकांच्या आणि मार्गदर्शित फेऱ्यांच्या वेळा बघाव्यात, मग मुक्काम ठरवावा. नुसती अंतरं बघून आखणी केली की यंत्र थांबल्यावर आपण पोहोचतो.

पेन्झान्सला राहणं सोयीचं. लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट गाडी साधारण पाच तासांत पोहोचवते. शनिवार सोडून रात्रीची स्लीपरही असते. पश्चिम टोकाला फिरणारी बस पोर्थकर्नो आणि पेंडीन या दोन्ही गावांवरून जाते. उन्हाळ्यात ती बऱ्यापैकी मिळते, हिवाळ्यात फेऱ्या फार कमी. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच टिपून ठेवा, खोलगट भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

मराठी माणसाने पोर्थकर्नोचं तारायंत्राचं संग्रहालय चुकवू नये. जून १८७० मध्ये लंडन आणि मुंबई समुद्राखालच्या तारेने जोडली गेली, तेव्हा इंग्लंडच्या बाजूचं टोक याच वाळूवर आलं. मार्ग असा: पोर्थकर्नो, लिस्बनजवळचं कार्काव्हेलोस, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन, मुंबई. अरबी समुद्रातली तार ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने टाकली. आधी फाल्मथ बंदराचा विचार होता, पण तिथे जहाजांच्या नांगरांनी तार तुटण्याची भीती होती.

संग्रहालयात तारेचे कापलेले तुकडे आहेत, तिथे थांबा. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचं आवरण, मग ताग आणि बाहेरून लोखंडी तारांचा वेढा. किनाऱ्याजवळची तार जाड, कारण खडक आणि नांगर तिथेच. खोल समुद्रातली बारीक. त्यानंतर सायफन रेकॉर्डर, म्हणजे आलेला संदेश नोंदवणारं यंत्र, बघा: केसासारखी बारीक काचनळी सरकत्या कागदी पट्टीवर शाईची नागमोडी रेघ काढते. ती मधल्या रेषेच्या एका बाजूला वळली की मोर्स लिपीतलं टिंब, दुसऱ्या बाजूला वळली की मोर्सची रेघ. लांबच्या प्रवासात संदेश क्षीण होई, म्हणून वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर माणूस तो वाचून पुढे पाठवत असे. हे काम यंत्राकडे गेलं ते विसाव्या शतकात. इथलं प्रात्यक्षिक चुकवू नका, नुसतं यंत्र बघून ही साखळी लक्षात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवण्यासाठी सगळी उपकरणं ग्रॅनाइटच्या बोगद्यांत हलवली. ते बोगदे कॉर्नवॉलच्याच खाणकामगारांनी खणले. आत गारवा असतो, उन्हाळ्यातही स्वेटर घ्या. निघताना किनाऱ्यावरची केबल हट बघाच. तारा समुद्रातून येऊन त्या खोपटात जोडल्या जात.

पेंडीनची गीव्हर ही कथिलाची खाण. ऑक्टोबर १९८५ मध्ये कथिलाचा भाव कोसळला आणि १९९० मध्ये खाण बंद झाली. ‘ड्राय’ म्हणजे कामगारांची कपडे बदलायची इमारत. तिथे बूट आणि कपडे अजून आहेत. मिलमध्ये, म्हणजे खनिज वेगळं करायच्या इमारतीत, हलती टेबलं नीट समजून घ्या. कथिलाचं खनिज पाण्याच्या सुमारे सातपट जड, गारगोटी अडीचपटीच्या थोडी वर. उतरत्या टेबलावरून पाण्याचा पातळ थर सोडून ते हादरवलं की हलकी वाळू पाण्यासोबत खाली वाहून जाते आणि जड खनिज धक्क्यांसोबत कडेने पुढे सरकतं.

भूमिगत फेरी अठराव्या शतकातल्या व्हील मेक्सिको या जुन्या खाणीतून जाते. हेल्मेट तिथेच मिळतं. छत फार बुटकं आहे, कंबरदुखी असेल किंवा बंद जागेत जीव घुसमटत असेल तर वरचाच भाग बघा, तोही भरपूर आहे. बंद पायाचे बूट हवेत. गीव्हर सहसा शुक्रवारी, शनिवारी बंद असते आणि सप्ताहाअखेर निघालेले नेमके इथेच फसतात. गीव्हरला किमान तीन तास द्या. किनाऱ्याच्या पायवाटेने जवळच लेव्हंट खाण लागते. ती नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथे १९१९ मध्ये माणसं वर-खाली नेणारं यंत्र तुटून ३१ कामगार गेले.

जेवणाला सगळीकडे पेस्टी मिळते. पारंपरिक पेस्टीत गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद असतो. शाकाहारींनी चीज-कांद्याची पेस्टी मागावी, पण दुपारी उशिरा ती संपलेली असू शकते.

कॅम्बोर्नजवळची किंग एडवर्ड माइन पूर्वी खाणशाळेच्या विद्यार्थ्यांची सरावाची खाण होती. खनिज कुटणारे स्टॅम्प आणि बारीक खनिज वेगळं करणाऱ्या लाकडी फिरत्या चौकटी इथे आहेत. उघडण्याचे दिवस मोजके आहेत आणि स्टॅम्प कधी चालवणार हे आधी विचारूनच जावं.

सेंट ऑस्टेलजवळचं व्हील मार्टिन हे चिनी मातीचं संग्रहालय. पाण्याने धुतलेली माती वाळू, अभ्रक टाकत टाकत टाक्यांत निवळते आणि शेवटी भट्टीवर वाळते. याच क्रमाने फिरा. ३५ फुटी पाणचक्की इथेच आहे. पेन्झान्सहून एका दिवसात किंग एडवर्ड आणि व्हील मार्टिन दोन्ही उरकायचं म्हटलं तर गाडी हवी. रेल्वे आणि बसवर असाल तर एकच निवडा.