बंद दाराआडचा एक तास

आज शेवटी विद्यापीठाच्या ऑम्बड्स ऑफिसात गेले, म्हणजे अडचणी गुप्तपणे ऐकून घेणाऱ्या तटस्थ कक्षात. संशोधनाच्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं, यावरून पीएचडीच्या गाईडशी चार महिने अबोला आहे. इथे अमेरिकेत स्टायपेंड, शिफारसपत्र, सगळं त्या एका माणसाच्या हातात. तक्रार करायची छातीच होत नव्हती.

तिथल्या बाईंनी आधीच सांगितलं, "मी तुझी वकील नाही, त्यांचीही नाही. इथलं बोलणं इथेच राहील. कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच अपवाद." बोलताना कागदावर काही टिपलं, ते निघताना माझ्यासमोर श्रेडरमध्ये टाकलं. तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं.

त्या चौकशी करत नाहीत, निकालही देत नाहीत. विचारलं, "तुला नाव हवंय की कबुली?" मी गप्प. मग औपचारिक तक्रार, विभागप्रमुख, मध्यस्थी, प्रत्येक वाटेवर काय होऊ शकतं ते उलगडून दाखवलं. गाईडना लिहायच्या मेलचा मसुदा तिथेच केला.

आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल असतो, निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. पण त्याच्याकडे जायचं ते तक्रार समितीनंतर, अपिलासाठी. लेखी तक्रारीच्या आधीची अशी खोली तिथेही हवी हो! पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीने पीएचडी अर्ध्यात सोडली. कुणाशी बोलावं हेच तिला कळलं नव्हतं.

मेल अजून पाठवलेली नाही. उद्या सकाळी पाठवेन.