साइड

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात कोणी कामाशिवाय घराबाहेर पडत नाही आणि मीही पडलो नसतो; परंतु सांगोल्याकडचा माझा मामेभाऊ डाळिंबाच्या बागेसाठी औषधे न्यायला आला होता, आणि त्याच्या सोबतीला म्हणून मी एका कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर जाऊन बसलो. दुकानदार जेवायला गेला होता. बसल्या जागी समोर जे असेल ते वाचीत सुटायचे ही माझी जुनी खोड आहे. भेळेचा कागदही मी भेळ संपल्यावर उलगडून वाचतो. समोरच्या फळीवर डबे आणि बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या: इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड, मिटिसाइड, आणि खाली कोपऱ्यात उंदरांसाठीचे रोडेंटिसाइड. कीड, बुरशी, तण, कोळी, उंदीर, सगळ्यांची आडनावे एकच.

या आडनावाशी माझी पहिली गाठ सहावीत पडली. इंग्रजीच्या श्रुतलेखनात गुरुजींनी ‘सुइसाइड’ घातला आणि मी त्याचा शेवट बाजू या अर्थाच्या ‘साइड’सारखा लिहिला. माझ्या समजुतीप्रमाणे तो शब्द एसटीच्या मागे लिहिलेल्या साइडचाच भाऊ होता, आणि त्याचा अर्थ माणूस आपण होऊन बाजूला सरतो, असा काहीतरी असावा. गुरुजींनी वही हातात घेतली, लाल शाईने एस खोडून सी केला आणि म्हणाले, “बाजूला होत नाही रे, मारतो.” ही लॅटिनमधली ‘कापणे, ठार करणे’ या अर्थाची क्रिया आहे हे मला फार पुढे कळले. राजाला मारले तर रेजिसाइड, भावाला मारले तर फ्रॅट्रिसाइड. 1944 मध्ये राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताला एक अख्खी जमात संपवण्याच्या गुन्ह्याला नाव हवे होते, तेव्हा त्याने ग्रीक ‘जेनोस’ला हेच लॅटिन शेपूट जोडून ‘जेनोसाइड’ घडवला. विंचवाचे विष शेपटीत असते हे आपण सुभाषितात पाठ केलेले आहे. या शब्दांचेही तसेच आहे.

गंमत म्हणजे निरुपद्रवी दिसणारा ‘डिसाइड’ही याच कुळातला आहे. ठरवणे म्हणजे उरलेले सगळे कापून टाकणे. आपल्या ‘निर्णय’ या शब्दात नेण्याचा धातू आहे, म्हणून आपण निर्णय घेतल्यावरही चार दिवस कोठेतरी जातच राहतो, असे मला माझ्या घरावरून वाटते. ‘कोइन्साइड’ मात्र या घरातला नव्हे. त्याचे मूळ पडण्याच्या क्रियेत आहे, चेहरा तेवढा सारखा.

संस्कृतकडे याच कामाचा ‘घ्न’ आहे, आणि तो आपण वैद्याच्या पुड्यांपासून देवघरापर्यंत सगळीकडे वापरतो. ज्वरघ्न, कृमिघ्न, शत्रुघ्न. त्यातला सर्वांत जहाल शब्द माझ्या मते कृतघ्न होय, कारण त्यात समोरच्याने केलेल्या उपकाराचाच खून आहे आणि त्याला कोणतीही शिक्षा नाही.

“काय वाचायलाव एवढं, दादा?” मामेभावाने विचारले. मी त्याला शेपटाची गोष्ट सांगितली. त्याने ती सभ्यपणे ऐकून घेतली आणि मग आपला विषय काढला. मृग बहारापूर्वी बागेवर बोर्डो मिश्रणाची फवारणी घ्यायची होती: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे, आणि त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. खिळ्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला. हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागातले. तेथले बागवाले वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत, आणि नेमक्या त्याच वेली केवडा या बुरशीच्या रोगापासून वाचल्याचे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसले. 1885 मध्ये त्याने हा उपाय जाहीर केला. चोरांना भिववायला आणलेला पहारेकरी असा बुरशीचा मारेकरी निघाला. मामेभाऊ मात्र त्याला फंगिसाइड म्हणत नाही. तो त्याला औषध म्हणतो.

मग मी पुन्हा फळीकडे पाहिले. प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन होता आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग: सर्वांत जहालाला लाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. इंग्रजी नाव आपण मारेकरी आहोत हे निदान शेवटच्या अक्षरांत कबूल करते. आपण त्यालाच औषध म्हणतो, आणि पाठोपाठ ‘मारतो’ हे क्रियापदही लावतो. आमच्या गिरणीच्या चाळीत रविवारी खाटा उन्हात काढल्या जात, पाये फरशीवर आपटून ढेकूण पाडले जात, उकळते पाणी ओतले जाई, आणि तरीही ते उरले की आई पिचकारीचा पंप घेऊन म्हणे, “औषध मारायचंय, बाहेर व्हा सगळे.” त्या वासाला आम्ही औषधाचाच वास म्हणत असू, आणि खोकल्याच्या बाटलीलाही औषधच.

त्याच चाळीत, मी सात-आठ वर्षांचा असताना, एका सकाळी पलीकडच्या ओळीत गर्दी जमली. बायका दारांतून हळू आवाजात बोलत होत्या, आणि त्या बोलण्यातले मला एवढेच कळले की कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकांनी रात्री औषध घेतले. मी आईला विचारले, “मग त्यांना बरं वाटलं का?”

आई भाकरी थापत होती. तिने पिठाचा हात झटकला आणि म्हणाली, “जा, भोंगा झाला का बघून ये.”