सायलेन्सर गरम होता

रविवार, रात्रीचे साडेदहा

वळवाच्या पावसात पौडच्या पुढच्या आमच्या प्लॉटवर दोन सुबाभळी आडव्या झाल्या, त्यातली एक थेट कुंपणावर, तेव्हापासून डोक्यात चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत, घुसलीय. गडी म्हणाला कुऱ्हाडीने चार दिवस लागतील. आणि कुंपणाचं गिरिपुष्प तर दरवर्षी वाढणारच. म्हणजे मशीन घ्यायची हे ठरलं, नवी का जुनी एवढंच राहिलं.

माझा कल जुनीकडे, लपवत नाही. स्कूटर सेकंडहँड, फ्रीज सेकंडहँड, कपाट सासऱ्यांचं. वर्षातून चार दिवस चालणाऱ्या वस्तूला १८ हजार कोण घालतं? म्हणून आज हडपसरला एकाकडे जाऊन आलो, तो ७ हजाराला देणार होता. मशीन पुसून टेबलावर ठेवलेली, चेन चकाचक. मी खालचा नट बघायला उचलली आणि बोटं सायलेन्सरला लागली तर चटका! म्हणजे विकणारा मी यायच्या आधी तापवून बसलेला. "सकाळी जरा काम केलं साहेब." काम केलं तर भुसा कुठंय, पण बोललो नाही. म्हणलं चहा पिऊन येतो.

पाऊण तासाने गेलो, गार झालेली. सतरा वेळा दोरी ओढली, मोजली मी, तेव्हा कुठे धूर काढत सुरू झाली. मग त्यालाच सायलेन्सर खोलायला लावला, दोनच बोल्ट असतात. आतल्या भोकातून टॉर्च मारला तर पिस्टनवर उभे ओरखडे. ह्या टू स्ट्रोक इंजिनात तेल वेगळं नसतंच, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल तेवढंच, बहुतेक चांगल्या मशीनना लिटरला २० मिली, कुणीतरी ते न घालताच चालवली असणार. आणि चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या, म्हणजे बारच्या, खाचेची कड एका बाजूला झिजलेली, मग कापताना वाकडी जाणारच. तो ४५०० वर आला. मी चपला घातल्या.

फसलो नाही याचा आनंद बसमध्ये स्वारगेटपर्यंत टिकला. मग वाटलं, मी तरी नवीचं काय वेगळं करणार आहे? चार दिवस वापरून अकरा महिने कोपऱ्यात, टाकीत पेट्रोल तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं, कार्बोरेटरचा पडदा कडक होतो आणि पुढच्या मे महिन्यात मीच सतरा दोऱ्या ओढत बसणार. म्हणजे टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवायची, ही शिस्त माझ्यात आहे का हा खरा प्रश्न. (नाहीये. छत्री सुद्धा ओलीच ठेवतो मी.)

बायको म्हणाली, "मशीनवाला माणूसच बोलव ना दिवसभर." बरोबरच आहे तिचं. पण मला मशीन हवीय, बास, आता हे ह्या वहीत तरी कबूल करतो.

तर नवी. लहान, १६ इंची बारची, चेनब्रेकवाली, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारी. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडावर येते म्हणतात, तिथे दुसऱ्याने वापरून ढिला झालेला ब्रेक मला नको, अकरा हजार वाचवून काय करायचंय. हेल्मेट, तोंडावरची जाळी, आणि चेनला धार लावायची गोल कानसही घ्यायची, भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली समजायचं. आंब्याला मात्र हात लावायचा नाही, तो १९६४ च्या कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे गड्यालाही बजावून ठेवायला हवं.

उद्या सोमवार, दुकान बंद. मंगळवारी जातो, एकच्या आत.