मेणबत्तीची सावली

भयपटात वीज जाते, नायिका मेणबत्ती घेऊन जिन्याकडे निघते आणि माझी नजर भूत शोधायचं सोडून भिंतीवर जाते. मेणबत्ती पुढ्यात, म्हणजे सावली मागे पडायला हवी. इथे ती पुढे धावतेय. वर भिंतीवर मेणबत्तीचीही सावली! म्हणजे बाईंच्या पाठीमागे कुणीतरी भलामोठा दिवा लावून उभं आहे. भुताच्या आधी घरात लाइटमन शिरलाय हे एकदा दिसलं, की पार्श्वसंगीताने कितीही ऊर बडवला तरी घाबरायला होत नाही.

खोलीला खिडकी नसते, पण निळंशार चांदणं असतं. मिट्ट काळोखात नाकातली चमकी लखलखते. "वीज फक्त शेजाऱ्यांची गेलीय वाटतं," आई म्हणते.

आता सिनेमातला अंधार खोटाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. अंधार टिपायलाही उजेड लागतो. तो कुठून येतोय हे प्रेक्षकाला पटलं की झालं. ‘महल’ (१९४९) बघा. म्युनिकहून आलेल्या योसेफ वर्शिंग यांचं छायालेखन. चेहरा अर्धा उजेडात, अर्धा काळोखात, आणि हवेलीचे कोपरे मुद्दाम न दाखवलेले. गंमत म्हणजे त्यात भूत नाहीच. (पाऊणशे वर्षांनी हे फोडायला हरकत नसावी.) आणि इकडे रबरी नखांचं, टोपाचं भूत नखशिखान्त उजळून समोर आणतात. खर्च केलाय तर दिसला पाहिजे, हा हिशोब असणार. मग आपण टोपाचा डिंक बघत बसतो.

‘नॉस्फेराटू’ (१९२२) या जर्मन मूकपटात रात्रीचे बरेच प्रसंग भर दिवसा चित्रित केले होते आणि रात्र वाटावी म्हणून फिल्मला निळा रंग दिला होता. पुढे रंग नसलेल्या प्रती फिरल्या, तेव्हा त्यात उन्हाला भिणारा पिशाच्च टळटळीत उन्हात शवपेटी काखोटीला मारून गावातून चाललेला दिसे. पण त्याच सिनेमातली जिना चढणारी सावली, ती लांबत जाणारी बोटं, आजही अंगावर येतात. तिथे पिशाच्च दाखवलेलाच नाही, फक्त सावली.

कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. तो नायिकेच्या मागून हळूहळू सरकतो, आपण श्वास रोखतो. कोण बघतंय? कुणीच नाही, दिग्दर्शकाला सरकवावासा वाटला. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा खरं भूत आलं तरी आपण चहा ढवळत असतो. भूत दिसताच कॅमेरा गदागदा हलवायची खोडही तशीच. घाबरायचं आम्ही, कॅमेरामन का थरथरतोय?

‘तुंबाड’मध्ये (२०१८) पंकज कुमार यांचा कॅमेरा असा उतावीळ होत नाही. बाहेर पावसाळी, मळकट उजेड, आत कंदिलाच्या वर्तुळापुरतं जग. त्या वर्तुळाबाहेर काय असेल ते आपलं आपण रचतो.

हल्ली मात्र उलटी साथ आलीय. नवे कॅमेरे कमी उजेडातही चित्रण करतात, म्हणून दिवे लावायचेच सोडलेत. मग ओटीटीवर तो काळोख करड्या चौकोनांत फुटतो आणि पडद्यात दिसतं आमचंच सोफ्यावर बसलेलं कुटुंब. कुठूनतरी किंकाळी येते.

"कोण गेलं रे?" आई विचारते.

"कळलं नाही. पण गेलं कुणीतरी."

"बरं झालं. निदान आता तरी दिवे लावतील."